ई-२० वर चालणाऱ्या टेम्पोला कोल्ड प्लग टाकावा का?

चेंबूरचा टेम्पोवाला:
पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. तेव्हापासून गॅरेजमध्ये एकच सल्ला ऐकायला मिळतो, "इथेनॉल आहे, एक नंबर कोल्ड प्लग टाका." म्हणजे कंपनीच्या स्पार्क प्लगपेक्षा एक पायरी जास्त उष्णता बाहेर टाकणारा, टोक थंड ठेवणारा प्लग. माझं म्हणणं, अजिबात टाकू नका. (डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतोच, मी बोलतोय ते छोटा हत्ती, सुपर कॅरी अशा पेट्रोल गाड्यांबद्दल.)

प्लगचं टोक साधारण ४५०-५०० अंशांपर्यंत तापलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. वाशी मार्केटमधून भाजी भरून दादरला यायचं म्हणजे निम्मा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्यात कंपनीचा प्लगच जेमतेम तापतो. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. वर आणखी कोल्ड प्लग टाकला, तर काजळी धरून मिसिंग (मधेच मिश्रण न पेटणं) आणि पहाटे स्टार्टिंगला त्रास ठरलेला.

घाटकोपर गॅरेज:
दादा, सरसकट "टाकू नका" हे पटत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) कमी होतं, हे खरं. पण तापलेल्या धातूला लागून ते पेट्रोलपेक्षा लवकर पेटतं. टोक ८००-८५० अंशांच्या वर गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टन वितळतो. मे महिन्यात दुप्पट माल भरून कसारा घाट चढणाऱ्या गाडीला तुमचा दादरचा हिशेब कसा लावणार?

चेंबूरचा टेम्पोवाला:
ती भीती ई-८५ (८५ टक्के इथेनॉल) किंवा निव्वळ इथेनॉलची. ब्राझीलमध्ये १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर गाड्या निघाल्या, त्यांच्या इंजिनाचं कॉम्प्रेशनच (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवलेलं होतं. तिथे कोल्ड प्लग हवाच. इथे ८० टक्के पेट्रोल आहे, इंजिन कंपनीचं जसंच्या तसं, आणि ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन वाढवतो. दुप्पट माल भरणं हा प्लगचा दोष नाही, माल कमी करा.

आणखी एक. इथेनॉल स्वच्छ जळतं, त्यामुळे प्लगच्या चिनीमातीवर नेहमीचा तपकिरी रंग फारसा चढत नाही, ती पांढरट राहते. ते बघून "इंजिन तापतंय" म्हणत प्लग बदलतात. तापलेल्या प्लगवर बारीक फोड दिसतात, इलेक्ट्रोडच्या (ठिणगी पडते त्या टोकांच्या) कडा झिजून गोल होतात. नुसत्या पांढऱ्या रंगावर निकाल देऊ नका.

भांडुपकर:
तुम्ही दोघं सीएनजी विसरताय. इथले बरेच टेम्पो पेट्रोलवर सुरू होतात आणि दिवसभर गॅसवर पळतात. गॅसमध्ये ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, झिजून गॅप (प्लगच्या दोन टोकांमधली फट) वाढली की आधी तिथेच मिसिंग येतं. नंबरावर भांडण्यापेक्षा फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावा. इरिडियम प्लगची मधली तार मात्र गेजने दाबू नका, मोडते.

घाटकोपर गॅरेज:
गॅपचं मान्य. पांढऱ्या रंगाचंही मान्य, आमच्याकडची नवी पोरं तिथेच फसतात. पण घाटातल्या लोडच्या गाडीला मी एक नंबर कोल्डच टाकणार. माल कमी करा म्हटल्याने मालक ऐकत नाही आणि पिस्टन माझ्याच टेबलावर येतो. फक्त नंबर नीट बघून घ्या: एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग कोल्ड, बॉशमध्ये उलटं. काउंटरवर "एक नंबर वरचा द्या" म्हणालात आणि हातात बॉश आला, तर हॉट प्लग घेऊन घाट चढाल.

चेंबूरचा टेम्पोवाला:
घाटाची गाडी असेल तर तुमचं चालेल. शहरातल्या गाडीला मॅन्युअलमधलाच नंबर, यावर मी ठाम आहे.