गीझर चालू असला की नळाला झिणझिण्या येतात, घरमालक म्हणतात चप्पल घाला

बी-२०४: नमस्कार, एक विचारायचं होतं. आम्ही भाड्याने राहतो. गीझर चालू असताना बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, वॉशिंग मशीनलाही येतात पण जरा कमी. मालकांना फोन केला तर म्हणाले घर जुनं आहे, चप्पल घालून वापरा, आधीच्या लोकांनी कधी तक्रार केली नाही. घरात लहान मुलगी आहे म्हणून विचारतेय.

सी-५०१: ताई आधी गीझर बंद करा, नुसतं बटण नको, त्याचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा खटका, खाली पाडा आणि मशीनचा प्लग काढून ठेवा. चप्पल हा उपाय नाहीच, आंघोळीला कोण चप्पल घालतं, आणि अंग ओलं असलं की जिथे एरवी नुसता झटका बसला असता तिथे जीव जाऊ शकतो.

ए-१०३: एमसीबी आहे ना पण, लीकेज असेल तर तो पडेलच की

सी-५०१: नाही पडत काका. माझं रोजचं कामच वायरिंगचं आहे, दहा घरांत हाच समज दिसतो. एमसीबी असतो वायर जळू नये म्हणून, १६ अँपिअरचा असेल तर १६ च्या वर लोड गेल्याशिवाय तो हलत नाही, आणि माणसाचं हृदय बंद पडायला ०.१ अँपिअरसुद्धा पुरतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजने, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरने, गेलेला करंट न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या वायरने, तेवढाच परत येतोय का हे तो सतत बघत असतो, ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडतो. ताई डीबीचा, म्हणजे हे सगळे खटके असतात त्या बोर्डाचा, फोटो टाका, ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का?

बी-२०४: फोटो टाकलाय. बटण आहे, दाबून बघितलं, काहीच झालं नाही. घरात लाईट होती तेव्हा.

सी-५०१: म्हणजे तो नुसता शोभेला आहे, बदलावाच लागेल. आणि दोन वेगळ्या वस्तूंना झिणझिण्या येतायत म्हणजे एकट्या गीझरचं दुखणं नाही, अर्थिंगच, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी वायर, कुठेतरी तुटलेलं असणार.

बी-३०१: आम्ही राहायला आलो तेव्हा एका इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडून दाखवलं होतं, अर्थच्या पिनपासून न्यूट्रलला वायरचा एक छोटासा तुकडा जोडला होता, बाहेरून बघितलं तर सॉकेट एकदम व्यवस्थित, काही कळत नाही. तेच असेल का?

सी-५०१: असू शकतं, आणि ते तर अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट. न्यूट्रल मागे कुठे तुटला की फ्रिज, गीझर, मशीन सगळ्यांच्या बॉडीवर थेट फेज येतो. टेस्टरने हे कळत नाही, सॉकेट उघडूनच बघावं लागतं आणि ते मेन बंद करून, स्वतः करायला जाऊ नका.

बी-४०२: माझाही एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे म्हणून मालकाच्या बाजूने बोलते. भिंतीतली वायरिंग, डीबी, अर्थिंग, बसवून दिलेला गीझर हे मालकानेच नीट ठेवायचं, त्यात वाद नको. पण भाडेकरूंनी पण ६ अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून त्यावर इस्त्री आणि हीटर दोन्ही लावू नयेत, माझ्याकडे प्लग वितळून काळा झाला होता.

सी-५०१: काकू बरोबर बोलल्या, ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट, एकटा हीटरच २००० चा असतो. आणि प्लगची जाड पिन सॉकेटात जात नाही म्हणून कापू नका प्लीज, ती अर्थची आहे, मुद्दाम लांब ठेवलेली असते म्हणजे आत जाताना सगळ्यात आधी लागते आणि सुटताना सगळ्यात शेवटी सुटते.

ए-१०३: आणि कोणाला करंट लागलाच तर?

सी-५०१: अंगाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. ते जमत नसेल तरच कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने ढकलायचं. श्वास नसेल तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवायचं, आणि शुद्धीवर असला तरी दवाखान्यात न्यायचं कारण ठोके नंतरही बिघडू शकतात.

बी-४०२: ताई मालकांना फोन नको, लिहून पाठवा, टेस्ट बटण दाबतानाचा व्हिडिओ पण जोडा. लिहिलेलं असलं की टाळता येत नाही.

बी-२०४: असं लिहिलंय, बघा: ‘गीझर आणि मशीनला करंट येतोय, आरसीसीबीचं टेस्ट बटण चालत नाही, सोबत व्हिडिओ आहे. जमेल तेव्हा इलेक्ट्रिशियन पाठवा.’

सी-५०१: ‘जमेल तेव्हा’ काढा. ‘उद्यापर्यंत’ लिहा, आणि अर्थिंग तपासून आरसीसीबी बदलायचा असं स्पष्ट लिहा नाहीतर कोणीतरी येऊन फक्त गीझरचा एलिमेंट बदलून जाईल. मी पण सकाळी मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, घेऊन चक्कर टाकतो.

बी-२०४: बदलून पाठवला. थँक्यू दादा. मिस्टर रात्री उशिरा येतात, त्यांनी चुकून चालू करू नये म्हणून गीझरच्या एमसीबीवर चिकटपट्टी लावून वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.