खुब्याचं ऑपरेशन, रक्तस्राव आणि सिकलसेल

खुबा बदलायच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सामिक ॲसिडचं इंजेक्शन देतात. ‘त्या इंजेक्शननं रक्त घट्ट होतं’ असं लोक म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. ट्रॅनेक्सामिक ॲसिड नवी गुठळी बनवत नाही. झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. 1962 साली जपानच्या ओकामोतो दांपत्यानं पुढे आणलेलं, स्वस्तातलं औषध. पाळीत अंगावर जास्त जात असलं की गोळी देतात तेच.

पण आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे खुबा बदलायला म्हातारेच जातात असं नाही बाप्पा. सिकलसेलनं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजारानं, खुब्याचं हाड सुकलेली जवान पोरंही असतात. अन् या आजारात गुठळ्या व्हायचा धोका आधीच जास्त. माझ्या मावसभावाचं नागपूरला झालं, तेव्हा भूलतज्ज्ञांनी आधी सिकलसेलचं कार्डच मागितलं. पायात कधी गुठळी झाली का, फिट येते का, किडनी कशी, सारं खोदून विचारलं आणि मगच औषधाचं ठरवलं. रक्ताच्या पिशव्या तरीही तयार ठेवायला लावल्याच.