एलडीएल आटोक्यात, पण सीआरपी आणि एलपी(ए) जास्त: डॉक्टरांना काय विचारू?

बाबांची (वय 63) अँजिओप्लास्टी मागच्या वर्षी झाली. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या नियमित चालू आहेत, छातीत दुखत नाही. परवाच्या रिपोर्टात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 58 आलं म्हणून सगळे खुशीत, तोच खाली ठळक अक्षरांत दोन ओळी दिसल्या:

एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं प्रथिन) 4.6 मिग्रॅ/लिटर
लायपोप्रोटीन(ए), म्हणजे एलपी(ए) (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) 162 नॅनोमोल/लिटर

तेव्हापासून बाबा तो कागद खाली ठेवायला तयार नाहीत. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे.

सीआरपी 3 च्या वर म्हणजे धोका जास्त, एवढं कळलं. पण रक्त दिलं तेव्हा त्यांना सर्दी होती, शिवाय हिरडी सुजलेली. सीआरपी यकृतात तयार होतं आणि अंगात कुठेही सूज असली तरी वाढतं. मग हा आकडा हृदयाच्या खात्यात धरायचा की हिरडीच्या? 2017 च्या कॅन्टॉस या औषध-चाचणीत एलडीएलला हात न लावता नुसती सूज कमी करून हार्ट अटॅक कमी झाले होते, त्यामुळे दुर्लक्षही करवत नाही. (त्याच औषधाने जीवघेणे संसर्ग वाढले, हेही आहेच.) सूज कमी करणारं दुसरं औषध, कमी डोसचं कोल्चिसिन, कुणाला दिलंय का? बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) 1.6 आहे.

एलपी(ए) आनुवंशिक असतं म्हणतात. मग मी आणि ताईनेही तपासावं का?

प्रतिसाद:
सर्दी, हिरडी पूर्ण बरी झाली की दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि सीआरपी पुन्हा करा. 10 च्या वर असतं तर संसर्ग म्हणून सरळ बाजूला ठेवलं असतं; 4.6 वरून काहीच ठरत नाही.

एलपी(ए) पुन्हापुन्हा करू नका, पथ्याने ते फारसं हलत नाही. 125 च्या वर जास्तच धरतात. तुम्ही दोघांनी एकदा जरूर करून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर पहिला प्रश्न एलडीएलचा विचारला असता: युरोपच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी 55 च्या खाली म्हटलंय, आणि एलपी(ए) जास्त असताना एलडीएलच खाली आणणं आपल्या हातात उरतं.

कोल्चिसिनचा विषय निघाला तर क्रिएटिनिन आधी सांगा, किडनी मंद असली की ते अंगात साठतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत तर धोकादायकच, म्हणून सुरू झालंच तर दातांच्या डॉक्टरांनाही कळवा.