पुढाऱ्यांच्या हातातली वृत्तमाध्यमं: बंदी हवी की मालकी उघड केली की पुरे?

खिळेजुळारी:
ट्रायने (दूरसंचार आणि प्रसारणाचं नियामक प्राधिकरण) 12 ऑगस्ट 2014 ला शिफारस केली होती की राजकीय संस्थांना प्रसारण क्षेत्रात येऊच देऊ नये आणि आधीच आलेल्यांना बाहेर पडायची वाट द्यावी. त्यावर कायदा झाला नाही. माझ्या मते तो व्हायलाच हवा. पक्षाच्या मुखपत्राला माझी हरकत नाही, ‘सामना’ उघडणाऱ्याला आवाज कोणाचा हे माहीत असतं. अडचण आहे ती ‘निःपक्ष’ म्हणवणाऱ्यांची.

उपसंपादक:
बंदी घालणार कोणावर? कागदावर मालक पक्ष नसतोच, कंपनी असते आणि संचालक मुलगा किंवा भाचा. शिवाय सकाळ पेपर्स खटला आठवा. वृत्तपत्राच्या किमतीनुसार त्याची पानं ठरवणारा 1956 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मक्तेदारी रोखण्याच्या नावाखालीही अभिव्यक्तीला कात्री लावता येणार नाही, असा तो निकाल. (पुढे तोच समूह पवार कुटुंबाकडे गेला, हा भाग वेगळा.)

खिळेजुळारी:
तो निकाल छापील कागदाचा. प्रसारणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानेच 1995 मध्ये सांगितलंय. ब्रिटनच्या 1990 च्या प्रसारण कायद्यातही राजकीय संस्था परवान्याला अपात्र आहेत.

ताळेबंद:
आधी मालक शोधून तर दाखवा. वृत्तपत्र नोंदणीच्या 1956 च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात मालकीचा तपशील, म्हणजे फॉर्म 4, छापायचा असे. त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं. तिथे बहुधा दुसऱ्या कंपनीचंच नाव सापडायचं. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचं वार्षिक विवरण, एमजीटी 7, काढायचं आणि भागधारकांची यादी बघायची. तिथे आणखी एक कंपनी निघाली की पुन्हा शंभर रुपये. साखळीत भागीदारी संस्था किंवा खासगी ट्रस्ट आला की या पोर्टलवरचा माग तिथेच तुटतो.

उपसंपादक:
आणि मालकी उघड झाली तरी सरकारी जाहिरातींचं काय? छोट्या दैनिकाच्या जाहिराती थांबवायला लेखी आदेश लागत नाही, म्हणून न्यायालयात आव्हान द्यायला कागदही नसतो. थकलेली बिलं हा त्याहून सोपा लगाम.

पेड न्यूजमध्येही (पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांमध्येही) तेच. उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या, पण निवडणूक खर्चाचा हिशेब चुकीचा दिला म्हणून. बातमी विकणाऱ्याला काय? प्रेस कौन्सिल 1978 च्या कायद्याखाली ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड नाही. वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत.

खिळेजुळारी:
म्हणून निदान एवढं सक्तीचं करा: मालकाच्या पक्षाची, कारखान्याची, बँकेची बातमी असेल तर तिच्याखालीच एक ओळ, ‘या संस्थेशी आमच्या मालकांचा संबंध आहे.’ फॉर्म 4 चा वर्षातून एकदा आतल्या पानावरचा बारीक टाइप कोण वाचत होतं?

ताळेबंद:
आणि त्या कारखान्याने शेतकऱ्यांची बिलं थकवली, ही बातमी छापलीच नाही तर ती ओळ कुठे टाकणार?