कुठल्या वाडीतले तुम्ही? अनुभव सांगा

खाडीकाठ: जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला, आमच्या गावात त्यावरून आत्ता जुंपली आहे. ते बघून शिमगा आठवला. देवाची पालखी सगळ्या घरांत नाचायची आणि आमच्या वाडीच्या पऱ्याशी, म्हणजे ओढ्याशी, येऊन वळायची. आई ओटीचं ताट घेऊन उभी. मानकरी म्हणणार, नारळ खाली ठेव. मग तो जमिनीवरून उचलणार. वर्गणी मात्र घरटी सारखीच. मला अजून राग येतो. तुमच्याकडे काय चालायचं?

पाणंद: नारळ खाली, अगदी हेच!! आमच्याकडे कपाचं. आंबे काढायला जायचो तिथे आमचे कान तुटलेले कप पडवीच्या वाशाला वेगळे. प्यायचा, आपणच विसळायचा, परत अडकवायचा. बाबा शेवटी घरूनच तांब्या न्यायला लागले.

रायगडवाला: महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं १९२४ मध्ये ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले, तर नंतर लोकांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं! तळ्याच्या हक्काच्या खटल्यात कोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. आमच्या आईला तर त्यानंतरही कितीतरी वर्षं विहिरीवर कोणी वरून ओतेल तेव्हाच पाणी.

मोहल्ल्यातली: कुकर लावून लिहितेय. मी दापोलीकडची, मुसलमान. मुंबईत खोली बघताना फोनवर कोकणातली म्हटलं की मालक खूश, मासे कुठले खाता वगैरे. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते. आणि 'तुम्ही मराठी किती छान बोलता'! अहो, दुसरं काय बोलणार?

पाणंद: ताई, हे फार लागलं. 🙏

भातखाचर: आपल्याच भावकीने वाळीत टाकलं तर? काकांनी गावकीचा हिशेब मागितला, एवढंच. आवतण बंद, गिरणीत दळण घेईनात. आजी गेली तेव्हा खांद्याला मुंबईहून माणसं येईपर्यंत मयत ओटीवर. २०१६ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली तक्रार केली म्हणून आता बोलतात तरी. गावकीची भांडी अजून मिळत नाहीत. तक्रार कराच, घाबरू नका.

रायगडवाला: पोलिसांनी लगेच घेतली का? आमच्या शेजारच्या गावात एक घर असंच आहे.

भातखाचर: नाही, तहसीलदारांकडे अर्ज दिल्यावर. व्यनि (खाजगी निरोप) करा, अर्जाचा नमुना पाठवतो.

सुरंगी: @मोहल्ल्यातली दापोलीत कुठे? माझं आजोळ हर्णै.

मोहल्ल्यातली: अगो, शेजारीच की! मासळीच्या लिलावाला येतेस का कधी?