वर्क फ्रॉम होमच्या करारावर सही मागतायत, कुठली कलमं बदलून मागावीत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एचआर किंवा कामगार कायद्यातलं कुणी इथे असेल तर प्लीज वाचा, कारण सही करून पाठवायची मुदत महिनाअखेरची आहे.

2020 च्या मार्चमध्ये महामारी जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे सगळं एका मेलवर सुरू झालं, उद्यापासून लॅपटॉप घरी न्या, बस. तेव्हापासून कागदावर काहीच नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. आता ऑफिस परत बंद झालंय आणि एचआरने अचानक दोन पानी रिमोट वर्किंग पॉलिसी पाठवलीय. टीममधली माणसं जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल, ब्रिटन आणि भारत अशी पसरलेली, पण सगळ्यांना तीच दोन पानं. टीमने मला सांगितलंय की तू वाच आणि सगळ्यांच्या वतीने काय बदल मागायचे ते काढ, म्हणून गेले काही दिवस मिळेल ते वाचतेय.

मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य असं आहे, की घरून काम करताना होणाऱ्या कोणत्याही इजेची जबाबदारी पूर्णपणे कर्मचाऱ्याची राहील. असं नुसतं लिहून घेतलं की जबाबदारी संपते का? जर्मनीत डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने एका केसमध्ये निकाल दिलाय, माणूस सकाळी बेडरूममधून खाली घरातल्याच ऑफिसकडे निघाला, जिन्यावरून पडला, आणि कोर्टाने तो कामावरचा अपघात धरला कारण तो कामाला लागण्यासाठीच खाली उतरत होता. म्हणजे जर्मनीतल्या सहकाऱ्याला कायद्याने जे विम्याचं संरक्षण आहे ते कंपनीच्या या एका ओळीने जाईल असं मला तरी वाटत नाही. पण बाकीच्यांचं काय? आणि पडणं-झडणं तरी दिसतं, आमच्यात दोघांची मान आणि मनगटं कायमची दुखायला लागलीत कारण खुर्ची-टेबल काहीच नव्हतं, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम चाललंय. हे कामामुळे झालं असं सिद्ध कसं करतात? घरातली कामाची ठराविक जागा लिहून द्यावी, तिचा फोटो द्यावा, कामाचे तास नोंदवावेत असं एकाने सुचवलं, पण हेच उद्या आमच्याविरुद्ध वापरलं जाईल का ही भीती आहे.

दुसरं खर्चाचं. पॉलिसीत लिहिलंय की इंटरनेट, वीज, फर्निचर हे सगळं प्रवासखर्च वाचतोय त्यात धरलेलं आहे. युरोपातल्या मालक संघटना आणि कामगार संघटना यांचा 2002 चा एक करार आहे, त्यात साधारणपणे साधनं पुरवणं आणि त्यांची देखभाल मालकाकडे धरलीय. पोर्तुगालमध्ये तर 1 जानेवारी 2022 पासून वाढीव वीज आणि इंटरनेटचा खर्च कंपनीने द्यायचा असा नियमच झालाय. स्पेनचा सप्टेंबर 2020 चा वटहुकूम, ज्याच्या जागी जुलै 2021 मध्ये कायदा आला, तोही असाच आहे, लेखी करार, साधनांची यादी, खर्चाची भरपाई सगळं त्यात आलं, पण तो वाचताना एक गोष्ट लक्षात आली जी कुणी सांगत नाही. महामारीमुळे सक्तीने घरी बसवलेल्यांसाठी त्यात वेगळी तात्पुरती तरतूद होती, त्यांना साधनं आणि देखभाल द्यावीच लागायची पण खर्चाची भरपाई कशी ते सामूहिक वाटाघाटीतून, म्हणजे कामगार संघटना आणि मालक यांच्या बोलणीतून, ठरवायचं. म्हणजे मुद्दा असा होतो की आपण स्वेच्छेने घरून काम करतोय की नाइलाजाने, आणि आमच्या कागदावर पहिलंच वाक्य आहे 'कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून'. विनंती कुणीच केलेली नाही, ऑफिसच बंद आहे! हे वाक्य काढायला लावावं असं माझं ठाम मत आहे, कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा.

एचआरचं म्हणणं असं की तुम्हाला टॅक्समध्ये सूट मिळतेय ना. मिळत आलीय, ब्रिटनमध्ये 2021-22 मध्ये आठवड्याला 6 पाउंडावर सवलत होती, जर्मनीत 2022 पर्यंत दिवसाला 5 युरो आणि वर्षाला जास्तीत जास्त 600 युरो उत्पन्नातून वजा करता यायचे. पण ती सूट सरकार देतंय, आणि पूर्ण रक्कम हातात येत नाही, तेवढ्या रकमेवरचा टॅक्स वाचतो इतकंच. त्यामुळे हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही.

नजर ठेवण्याचं कलम फार मोघम आहे, 'आवश्यक ती तांत्रिक देखरेख'. म्हणजे स्क्रीनशॉट? कॅमेरा सतत चालू? युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने 2017 मध्ये रोमानियाच्या एका केसमध्ये सांगितलंय की देखरेख करणार असाल तर ती कशी आणि किती ते आधी कळवलेलं आहे का हे बघावं लागेल. तेवढं तरी लेखी मागावं म्हणतेय. घरात मुलं असतात, आजारी माणसं असतात, त्यांनी कुठे सही केलीय?

आणि एक, पॉलिसीत छळाच्या तक्रारीबद्दल एक अक्षर नाही. भारतातल्या मुलीला रात्री उशिरा व्हिडिओ कॉलवर जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही, पण लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही आहे, तर तक्रार समितीकडे जाता येईल ना? ही गोष्ट मला खर्चापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

नंतरची भर:

प्रतिसादांबद्दल खूप आभार. दोघांनी विचारलंय की कुणी कराराच्या देशाबाहेर बसून काम करतंय का, तर हो, एकजण 2020 मध्ये विमानं बंद झाली तेव्हा घरच्यांकडे अडकला आणि नंतर तिथेच राहिला, आईची तब्येत बरी नसल्यामुळे. त्याला मी एवढंच सांगितलंय की एप्रिल 2020 मध्ये ओईसीडीने (विकसित देशांची आर्थिक संघटना) परदेशात तात्पुरतं अडकलेल्यांच्या टॅक्सबद्दल जी नरमाईची भूमिका घेतली ती नाइलाजाने, थोड्या काळासाठी अडकलेल्यांना धरून होती, स्वतःच्या निर्णयाने राहिल्यावर तिच्या भरवशावर राहू नकोस. शिवाय टॅक्स, सामाजिक सुरक्षा आणि व्हिसा हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, एका देशात 183 दिवसांपेक्षा कमी राहिलं तर टॅक्स नाही असा जो नियम सांगतात तो सगळ्याला लागत नाही. त्याने टॅक्स सल्लागार गाठलाय. पण कंपनीला हे कळवायचं कसं? नोकरी जाईल म्हणून तो घाबरलाय आणि लपवलं तर पुढे जास्त अडकेल असं मला वाटतं. कुणी अशा परिस्थितीतून गेलं असेल तर आधी मॅनेजरशी बोललात की थेट लेखी कळवलंत?

सही न करता 'मिळाले, वाचले, खालील कलमांवर हरकत आहे' एवढंच मेलवर लिहून पाठवावं असं एका प्रतिसादात आलंय, ते मला पटतंय, म्हणजे नकारही नाही आणि मान्यताही नाही. फक्त मुदत उलटून गेल्यावर गप्प राहणं म्हणजे मान्य असं कलम त्यात आहे, तर हरकतीचा मेल पुरेसा होईल का ते वकील मंडळींनी सांगावं. आणि अपघात आणि खर्चाची कलमं नीट लिहिलेला एखादा करार कुणाकडे असेल तर नावं खोडून तेवढाच भाग इथे टाका, मी मसुदा शुक्रवारपर्यंत टीमला पाठवणार आहे.