मदत हवी आहे: बिल्डरची नोटीस आलीय, उत्तरात कोणते निकाल लावायचे?

शाईपेन: कोथरूडच्या आमच्या साप्ताहिकाला बिल्डरची नोटीस आलीय. बातमी काढा, माफी छापा, नाहीतर पन्नास लाख. मुदत सात दिवस. वृत्तपत्र स्वातंत्र्यावरचे सुप्रीम कोर्टाचे निकाल हवेत. 'वकील गाठा' सांगू नका, निकाल वकीलच मागतोय. लवकर!

तिरकस: नोटीस वकिलाची की कोर्टाची? बातमी कशावरून केली? छापली कधी? एवढं तरी लिहा.

पानसुपारी: सकाळ पेपर्स, 1962. पुण्याचाच खटला. किमतीवरून पानं ठरवणारा 1956 चा कायदा पाच न्यायमूर्तींनी रद्द केला. सोबत बेनेट कोलमन, 1972, वृत्तपत्रांवरची दहा पानांची मर्यादा गेली. हे दोन लावा, समोरचा गप्प.

तिरकस: कसा गप्प? दोन्ही सरकारविरुद्धचे. बदनामी तर घटनेच्या कलम 19(2) मध्येच भाषणस्वातंत्र्यावरचा निर्बंध म्हणून बसलीय, आणि फौजदारी बदनामी 2016 मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात टिकली. इथे लागतो राजगोपाल, 1994, तुरुंगातला खुनी ऑटो शंकर याच्या आत्मचरित्राचा. सार्वजनिक कागदपत्रांवरच्या मजकुराला त्यात संरक्षण आहे. त्यातला सरकारी अधिकाऱ्यांबद्दलचा भाग बिल्डरला चिकटवू नका, उत्तर तिथेच फसतं.

शाईपेन: वकिलाची. माहिती अधिकारात महापालिकेकडून मिळालेल्या नळजोडाच्या कागदांवरून. कधी छापली याचा काय संबंध?

शिवाजीनगर_बार: आधी कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा कोर्टात अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148अ, 90 दिवस चालतं, प्रत बिल्डरला रजिस्टर पोस्टाने. नाहीतर एकतर्फी मनाई हातात पडेल. ब्लूमबर्ग विरुद्ध झी, मार्च 2024 जोडा: खटला चालण्याआधी लेख काढायला लावणं अपवादानेच, तेही कारणं देऊन.

पानसुपारी: कॅव्हेट म्हणजे आपणच त्याला कोर्टाची वाट दाखवायची.

शिवाजीनगर_बार: पन्नास लाख मागणाऱ्याला वाट ठाऊक असते हो. उलट नुसतं पुण्यात लावून भागत नाही. अंक मुंबईत जात असेल तर दावा तिथेही होतो.

सदाशिवपेठी: साप्ताहिकाची नोंदणी प्रेस सेवा पोर्टलवर आहे का? वृत्तपत्र नोंदणीचा 1867 चा कायदा जाऊन 2023 चा आलाय.

शाईपेन: नोंदणीचं कोणी विचारलंय? अंक दीड वर्षापूर्वीचा. वेबसाइटवर बातमी अजून आहे.

तिरकस: अहो, हे आधी सांगायचं! दिवाणी बदनामीला मुदत प्रकाशनापासून एक वर्ष. छापील अंकापुरता दावा मुदतबाह्य. वेबसाइटसाठी दिल्ली हायकोर्टाचा 2013 चा खावर बट निकाल: मुदत पहिल्यांदा टाकल्यापासून, रोज नव्याने नाही. पुण्यात बंधनकारक नाही, पण वजन आहे. फौजदारी तक्रारीला मात्र तीन वर्षं. बातमीला हात लावू नका. शीर्षक बदलून पुन्हा टाकलीत तर त्याला नवी तारीख मिळेल. कागदांवर सही-शिक्का आहे ना?

शाईपेन: शिक्का आहे. सही नाही.

तिरकस: मग निकाल नंतर. आधी महापालिकेत अर्ज करून प्रमाणित प्रती घ्या. राजगोपाल लावायचा तो त्याच कागदांच्या जोरावर.